फोर्ट बेंडमध्ये न्यायाधीशपदासाठी उभं राहायचं तर

शुगर लँडला राहणाऱ्या आणि बारा-तेरा वर्षं कौटुंबिक दावे चालवणाऱ्या एका मराठी वकील बाईंनी विचारलंय: टेक्ससच्या फोर्ट बेंड काउंटीत डिस्ट्रिक्ट जज म्हणून निवडणूक लढवायचं मनात आहे. सुरुवात कुठून करायची, पैसा किती लागतो, आणि आपल्यासारख्या नावाच्या, आपल्यासारखे उच्चार असलेल्या माणसाला इथले लोक मत देतात का?

मी ह्यूस्टन परिसरातच वकिली करते. न्यायाधीशपदाच्या काही उमेदवारांचे हिशेब ट्रेझरर म्हणून सांभाळलेत, आणि एकदा स्वतः प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उभी राहून हरलेही आहे. तेव्हा हे उत्तर दोन्ही बाजूंनी बघून लिहिलेलं आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच सगळ्यात सोपा आहे. देतात, मत देतात. सुरेंद्रन पट्टेल केरळात कासरगोडकडचे. शाळकरी वयात विड्या वळलेला हा माणूस भारतात वकील झाला, 2007 मध्ये अमेरिकेत आला, इथली बारची परीक्षा पास झाला आणि 2022 मध्ये याच काउंटीतल्या 240 व्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर निवडून आला. प्रायमरीत त्यांनी खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशालाच हरवलं. उच्चारांवरून टीका झाली, हे त्यांनी मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलंय. त्याआधी 2018 मध्ये मूळच्या केरळच्याच जुली मॅथ्यू इथल्या काउंटी कोर्टावर निवडून आल्या होत्या. 2020 च्या जनगणनेत फोर्ट बेंडची लोकसंख्या आठ लाख वीस हजारांच्या वर होती आणि गोरे, लॅटिनो, कृष्णवर्णीय, आशियाई यांपैकी कोणाचंच बहुमत नाही. मीटिंगला जमलेल्या लोकांपैकी अर्ध्यांच्या नावांचा उच्चार उरलेल्या अर्ध्यांना धड येत नाही. नाव हा अडथळा नाही.

खरा अडथळा मार्च महिना आहे.

टेक्ससमध्ये न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. म्हणजे आधी मार्चच्या पहिल्या मंगळवारी पक्षाची प्रायमरी, तिथे कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर मे महिन्यात रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा लढत, आणि मग नोव्हेंबर. नोव्हेंबरमध्ये तुमच्या जागेचा निकाल बहुतेक पक्षाच्या वाऱ्यावर लागतो. राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नरच्या लढतीत काय होतंय त्यावर. त्यात तुमच्या हातात फार थोडं असतं. मार्चमध्ये मात्र दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असतात, म्हणून पक्षाचं नाव कामाला येत नाही. तिथे माणूसच बघितला जातो, आणि बघायला येतात फार थोडे लोक. 2022 च्या प्रायमरीत राज्यभरात दोन्ही पक्ष मिळून शंभरातले सतरा-अठरा नोंदणीकृत मतदार आले होते. त्यातूनही मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या न्यायाधीशांच्या रकान्यापर्यंत पोचेपर्यंत काही जण कंटाळून थांबतात. रनऑफला तर याहून कमी. आठ लाखांच्या काउंटीतली तुमची निवडणूक प्रत्यक्षात त्यातल्या थोड्याच माणसांची आहे, आणि ती माणसं कोण हे आधीच माहीत करून घेता येतं. तुमची सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी राहायला हवी.

टेक्ससमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहायचा नसतो. प्रायमरीच्या दिवशी जाऊन हवी त्या पक्षाची मतपत्रिका मागायची. कोणाला मत दिलं हे गुप्त, पण कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं ही सार्वजनिक नोंद असते. पक्षाकडे ती यादी असते. अमुक बाई गेल्या चारही प्रायमरींना आल्या, अमुक सद्गृहस्थ फक्त राष्ट्राध्यक्षाच्या वर्षी येतात, हे सगळं त्यात दिसतं. दर प्रायमरीला न चुकता येणाऱ्यांची दारं आधी ठोठवायची. आणि हे लक्षात ठेवा की लोकही तुमची नोंद बघतात. पक्षाच्या पहिल्या बैठकीला जाल त्याच्या आधीच कोणीतरी तुमचा इतिहास काढलेला असेल. गेल्या तीन प्रायमरींत तुम्ही आलाच नव्हता, किंवा एकदा समोरच्या पक्षात मत देऊन आलात, तर "का?" हा प्रश्न येणार. प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. नुकतीच नागरिक झाले होते, हे उत्तर असेल तर उत्तमच. लोक ते समजून घेतात.

पात्रतेचं थोडक्यात: अमेरिकेचं नागरिकत्व, टेक्ससचा वकिलीचा परवाना आणि त्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन वर्षं वास्तव्य. वकिलीच्या अनुभवाची अट पूर्वी चार वर्षांची होती. 2021 च्या घटनादुरुस्तीने ती डिस्ट्रिक्ट जजसाठी आठ वर्षांची झाली. बारा वर्षं झालीत म्हणजे तुम्ही त्यात बसता. पण भारतात केलेली वकिली या आठांत धरू नका. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा वर्षं घालवलेल्या आपल्या अनेक हुशार मैत्रिणींचा रस्ता इथेच अडतो, अनुभव भरपूर असूनही.

(ज्यांनी कायदा शिकलेला नाही पण न्यायदानाची आवड आहे, त्यांच्यासाठी जाता जाता: जस्टिस ऑफ द पीस या पदाला वकील असण्याची अट नाही. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात 80 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. घर खाली करून घेण्याचे दावे आणि वीस हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे तिथे चालतात. भाडेकरूंची रडारड ऐकायची तयारी असेल तर फार महत्त्वाचं काम आहे. काउंटी जज हे पद मात्र नावाने जज असलं तरी मुख्यतः काउंटीचा कारभार बघतं, बजेट आणि रस्ते. त्या भानगडीत न्यायदानासाठी पडू नका.)

आता कोर्ट कोणतं निवडायचं. इथे लोक फार भावनेच्या भरात निर्णय घेतात. एखाद्या न्यायाधीशाने आपल्याला भर कोर्टात झापलं, चुकीचा आदेश दिला, म्हणून त्याच्याचविरुद्ध उभं राहायचं. मी असे दोन-तीन प्रचार जवळून पाहिलेत. रागाचं इंधन जानेवारीपर्यंत पुरतं, मार्चपर्यंत पुरत नाही. आणि मतदाराला तुमच्या त्या आदेशाशी काही घेणंदेणं नसतं. तुम्ही रोज जे काम करता त्याचंच कोर्ट निवडा. फोर्ट बेंडमध्ये 328, 387 आणि 505 ही डिस्ट्रिक्ट कोर्टं कौटुंबिक दावे चालवतात. तुमची जागा तिथे आहे. "मी बारा वर्षं याच प्रकारच्या कोर्टात उभी राहते" या एका वाक्याला जेवढं वजन आहे, तेवढं कुठल्याच घोषणेला नाही. त्यातली कोणती जागा कोणत्या वर्षी निवडणुकीला येते, कोणत्या न्यायाधीशांचं पंचाहत्तरीचं वय जवळ येतंय, कोण पुन्हा उभं राहणार नाही असं कॉरिडॉरमध्ये बोललं जातंय, याची माहिती रिचमंडच्या जस्टिस सेंटरमध्ये बेलिफ आणि कोर्ट कोऑर्डिनेटरांना आपल्यापेक्षा आधी असते. त्यांच्याशी तुमचे संबंध चांगले असतील असं मी धरून चालते. नसतील तर निवडणुकीचा विचार तूर्त सोडा. कोर्टाच्या कर्मचाऱ्यांशी तुसडेपणाने वागणाऱ्या वकिलाची कीर्ती काउंटीभर पसरलेली असते.

रिकाम्या जागेसाठी उभं राहणं नेहमीच बरं, पण रिकामी जागा क्वचित मिळते, कारण मुदतीच्या आत राजीनामा दिला तर मधल्या काळासाठी गव्हर्नर नेमणूक करतात आणि मग नेमलेला माणूस विद्यमान न्यायाधीश म्हणून निवडणुकीला सामोरा जातो. तुमचा पक्ष गव्हर्नरचा नसेल तर तो दरवाजा बंद समजा.

अर्ज नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत भरायचा असतो. डिस्ट्रिक्ट जजसाठी फी 1,500 डॉलर, खूप मोठ्या काउंटीत 2,500. आपल्याकडच्या अनामत रकमेसारखी ही ठरावीक मतं मिळाल्यावर परत मिळत नाही. ती पक्षाकडे जाते आणि प्रायमरीच्या खर्चाला लागते.

पण अर्जाच्या कितीतरी आधी एक कागद दाखल करावा लागतो: ट्रेझरर नेमल्याचा. तो दाखल होईपर्यंत प्रचारासाठी एक डॉलर घेता येत नाही आणि एक डॉलर खर्चही करता येत नाही. वेबसाइटचं डोमेन घेतलं, फोटोग्राफरला आगाऊ दिले, हेही खर्चच. लोक उत्साहात आधी लोगो करून घेतात आणि मग तारखा जुळत नाहीत. डिस्ट्रिक्ट जजच्या उमेदवाराचा हा कागद ऑस्टिनच्या टेक्सस एथिक्स कमिशनकडे जातो. तुम्ही स्वतःच्या ट्रेझरर होऊ शकता, पण होऊ नका. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी मीटिंग, आणि रात्री अकराला चेकचे फोटो शोधत बसायचं हे जमत नाही. एखादा निवृत्त अकाउंटंट काका शोधा, ज्याला पावत्या नीट लावण्यात आनंद वाटतो. आपल्या समाजात असे पुष्कळ आहेत.

अर्जाची मुदत संपल्यावर वैयक्तिक संपत्तीचं विवरणपत्रही द्यावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं. पुण्यातला फ्लॅट, सासऱ्यांच्या नावावरून तुमच्या नावावर आलेली कोकणातली जमीन, हे लिहायचं का, असा प्रश्न मला प्रत्येक भारतीय उमेदवाराने विचारलाय. लिहा. लपवलेली गोष्ट प्रायमरीत कोणी बाहेर काढली तर तिचा फ्लॅटच्या किमतीशी संबंध उरत नाही.

पैसा किती लागतो? मी आकडा सांगणार नाही, कारण तो वर्षावर आणि समोरच्या उमेदवारावर ठरतो. त्यापेक्षा असं करा: तुम्हाला हव्या असलेल्या कोर्टासाठी मागच्या दोन निवडणुकांत जे उभे होते, त्यांचे जमा-खर्चाचे अहवाल सार्वजनिक आहेत. ते सगळे डाउनलोड करून एका रविवारी वाचा. छपाईला किती, टपालाला किती, सल्लागाराला किती, कोणी किती दिले, सगळं ओळीने दिसतं. हरलेल्यांचे अहवाल जास्त बारकाईने वाचा. बहुतेकांनी फलकांवर फार आणि टपालावर कमी खर्च केलेला दिसेल.

देणग्यांचे नियम न्यायाधीशपदाच्या उमेदवारांना बाकीच्यांपेक्षा कडक आहेत. 1995 च्या कायद्यानुसार फोर्ट बेंडच्या आकाराच्या डिस्ट्रिक्टमध्ये एका व्यक्तीकडून एका निवडणुकीसाठी 2,500 डॉलरपर्यंतच घेता येतात. हॅरिस काउंटीसारख्या दहा लाखांवरच्या ठिकाणी 5,000. एकाच लॉ फर्ममधल्या सगळ्यांच्या देणग्यांची मिळून वेगळी मर्यादा असते, म्हणजे एका फर्मच्या वीस वकिलांनी वीस चेक देऊन तुम्हाला विकत घ्यायचं नाही. देणग्या घेण्याचा काळही बांधलेला: अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या 210 दिवस आधीपासून पुढे. रोख रक्कम एका माणसाकडून एका अहवाल-काळात शंभर डॉलरच्या वर नाही. कंपनीचा चेक अजिबात नाही. आपल्या लोकांत इथेच घोळ होतो. ओळखीचे हॉटेलवाले प्रेमाने म्हणतात, "तुमच्या कार्यक्रमाचं जेवण माझ्याकडून." जेवण त्यांच्या कंपनीकडून आलं की ती कंपनीची देणगी झाली, आणि ती बेकायदा आहे. नम्रपणे बिल मागा, चेकने द्या, पावती काकांकडे. हॉटेलवाले थोडे रुसतील, नंतर समजतील.

आणि हे तर फार स्पष्ट: ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही त्यांच्याकडून एक पैसाही घेता येत नाही. एच-1बी वरचा तुमचा जिवलग मित्र, पुण्यातली आत्या, कोणीही नाही. हा केंद्राचा कायदा आहे आणि तो स्थानिक निवडणुकांनाही लागू आहे. एच-1बी वाले पगार न घेता स्वयंसेवक म्हणून फलक लावू शकतात, फोन करू शकतात. मात्र मतदार नोंदणीच्या टेबलावर त्यांचा फॉर्म चुकूनही भरून घेऊ नका, ग्रीन कार्डवाल्यांचाही नाही. नागरिक नसताना नोंदणी झाली किंवा मत दिलं, तर त्या माणसाचं इथलं अख्खं आयुष्य धोक्यात येतं. उत्साही काकू गणपतीच्या मांडवात "भरून टाका हो, काही होत नाही" म्हणतात, त्यांना आधीच समजावून ठेवा.

तुम्हाला देणग्या मुख्यतः कोण देणार? वकील. म्हणजे उद्या तुमच्यासमोर उभे राहणारे. या पद्धतीतली ही सगळ्यात अवघडवाणी गोष्ट, आणि ती नियमांनी पुरती सुटत नाही. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च कोर्टाच्या एका उमेदवाराच्या बाजूने तीस लाख डॉलर ओतले, तो निवडून आला आणि त्याच कंपनीचा खटला ऐकायला बसला. 2009 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं. फ्लोरिडात न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने स्वतः पैसे मागायलाच बंदी आहे आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. टेक्ससमध्ये अशी बंदी नाही, तुम्ही स्वतः फोन करू शकता आणि बहुतेक जण करतात. माझं मत विचाराल तर मागण्याचं काम समितीवर सोपवा. ज्या वकिलाचा खटला सध्या तुमच्याविरुद्ध चालू आहे, त्याला तर यादीतूनच काढा. चार हजार डॉलर कमी जमतील. चालेल.

आता बोलण्याचं. आमदारकीच्या उमेदवाराला वाटेल ती आश्वासनं देता येतात. तुम्हाला देता येत नाहीत. न्यायाधीशांच्या आचारसंहितेतला पाचवा नियम प्रचारासाठी आहे. चालू किंवा येऊ घातलेल्या खटल्यांच्या प्रकारांबद्दल वचन देता येत नाही, दुसऱ्या उमेदवाराला नाव घेऊन पाठिंबा देता येत नाही (पक्षाला देता येतो), स्वतःबद्दल किंवा समोरच्याबद्दल खोटं सांगता येत नाही. 2002 मध्ये मिनेसोटाच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की उमेदवाराला वादग्रस्त प्रश्नांवरची मतं सांगण्यापासून अडवता येणार नाही, आणि मग टेक्ससनेही आपले नियम बदलले. म्हणजे मत सांगता येतं, वचन देता येत नाही. कायद्यात हा फरक मान्य आहे. रात्री साडेसातच्या मीटिंगमध्ये तो पाळणं किती कठीण असतं ते तिथे गेल्यावरच कळतं.

पक्षाच्या क्लबची मीटिंग साधारण अशी असते. लायब्ररीची मागची खोली, घडीच्या खुर्च्या, दारात पिझ्झाचे खोके. अकरा उमेदवार रांगेत, प्रत्येकाला नव्वद सेकंद. कोणीतरी बाई समोर बसून हातात पिवळा आणि लाल कागद धरते. पिवळा दिसला की दहा सेकंद उरले. पहिली पंधरा सेकंदं नावावर जातात. मग कोर्टाचा नंबर, दोनदा. मग हे कोर्ट काय करतं, कारण खोलीतल्या निम्म्यांना ते माहीत नसतं: मुलांचा ताबा, घटस्फोट, मारहाण होत असेल तर संरक्षणाचे आदेश. मग तुम्ही या कामात किती वर्षं आहात. एवढ्यात लाल कागद वर. त्यानंतर प्रश्न, आणि पहिला प्रश्न गर्भपात, बंदुका किंवा सीमेवरच्या स्थलांतरितांबद्दल असतो, ज्याचा तुमच्या कोर्टाशी फारसा संबंध नसतो. तिथे "आचारसंहितेमुळे मी बोलू शकत नाही" असं म्हणून बसू नका. लोकांना ती पळवाट वाटते. मी उमेदवारांना असं सांगते: आधी तुमच्या कोर्टात खरोखर काय येतं ते सांगा, मग एका खऱ्या प्रसंगातून तुम्ही माणसांशी कसं वागता ते सांगा, अर्थात अशिलाची ओळख न उघड करता. रात्री दहाला संरक्षणाच्या आदेशासाठी कागदपत्रं तयार केली, सकाळी दरवाजे उघडताच उभी राहिले, असं काही. लोक मुद्दा विसरतात, माणूस लक्षात ठेवतात. छापील प्रश्नावल्याही येतील, ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा चौकटींच्या. त्या परत पाठवताना चौकटीबाहेर दोन ओळी लिहा आणि चौकट मोकळी ठेवा. काही संघटना त्यामुळे तुम्हाला पाठिंबा देणार नाहीत. त्या नाहीतच समजा.

पाठिंब्याच्या पत्रकांबद्दल सावध राहा. प्रायमरीच्या आधी वेगवेगळ्या नावांची मंडळी आपलं "शिफारस केलेल्या उमेदवारांचं" पत्रक घरोघर पाठवतात आणि त्यात नाव यायला पैसे लागतात. काही पत्रकांना खरंच वजन असतं, काही नुसतीच छापलेली. कोणतं कसलं, हे प्रिसिंक्ट चेअर सांगतात. पक्षाचे हे तळाचे कार्यकर्ते आपापल्या वस्तीत वर्षानुवर्षं काम करत असतात. त्यांच्यापैकी चाळीस जणांबरोबर कॉफी प्यायलात तर तुमचा निम्मा प्रचार झाला. कॉफीचे पैसे तुम्हीच द्या आणि हिशेबात लिहा.

फलकांचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात चुकलेले अनेक आहेत. तुम्ही आज न्यायाधीश नाही. तेव्हा फलकावर "देशपांडे" आणि खाली "जज" एवढंच छापलं, तर तुम्ही पदावर आहात असा भास होतो, आणि ते कायद्याविरुद्ध आहे. मध्ये "फॉर" हवं, आणि त्या शब्दाची अक्षरं नावाच्या अक्षरांच्या निदान निम्म्या आकाराची हवीत. छापखान्याचा डिझायनर तो शब्द हमखास मुंगीएवढा करतो, कारण त्याला तसं सुंदर दिसतं. प्रूफ आलं की पट्टी लावून मोजा. फलकावर "हायवेच्या हद्दीत लावणं गुन्हा आहे" ही सूचना छापलेली हवी, आणि पैसे कोणी दिले तेही. सोसायट्यांच्या एचओएला (घरमालकांच्या संघटनेला) निवडणुकीच्या आधी 90 दिवस आणि नंतर 10 दिवस घरमालकाच्या अंगणातला जमिनीत रोवलेला फलक काढायला सांगता येत नाही, प्रत्येक उमेदवाराचा एक. सिएना आणि फुलशिअरकडच्या एचओए तरीही पत्रं पाठवतात. कायद्याचं कलम छापलेलं एक छोटं कार्ड फलकाबरोबरच घरमालकाला देऊन ठेवा.

नावाबद्दल एक सोय आहे. मतपत्रिकेवर नावासोबत दहा अक्षरांपर्यंतचं, एका शब्दाचं टोपणनाव लिहिता येतं, पण किमान तीन वर्षं लोक तुम्हाला त्या नावाने ओळखत असायला हवेत. ऑफिसात सगळे "मिनी" म्हणत असतील तर लिहा. निवडणुकीसाठी नवं "मँडी" काढू नका. नियमातही बसत नाही आणि आपल्या माणसांनाही खटकतं. नावं कोणत्या क्रमाने येणार हे प्रायमरीत सोडत काढून ठरतं. अनोळखी नावांच्या यादीत सगळ्यात वर असण्याचा फायदा होतो, हे सगळे जाणतात. सोडतीच्या दिवशी तुम्ही तिसऱ्या आलात तर एक संध्याकाळ हळहळा आणि पुढे व्हा.

आपल्या समाजाचं बळ किती? मते म्हणून फार नाही. मराठी नागरिक-मतदार फोर्ट बेंडमध्ये मोजकेच, त्यातले प्रायमरीला येणारे त्याहून मोजके. पण माणसं म्हणून बरंच. लवकर मतदान साधारण दोन आठवडे चालतं आणि प्रत्येक केंद्राबाहेर शंभर फुटांच्या खुणेपलीकडे दिवसभर कोणीतरी कार्ड वाटत उभं राहावं लागतं. तिथे उन्हात आलटून पालटून उभे राहणारे तीस लोक हे तुमचं खरं भांडवल, आणि ते आपल्यात मिळतात. मंडळाला मात्र अडचणीत आणू नका. करमुक्त धर्मादाय संस्थांना कोणत्याही उमेदवाराची बाजू घ्यायला 1954 पासून बंदी आहे. गणेशोत्सवाच्या स्टेजवर अध्यक्षांनी "आपल्या ताईंना मत द्या" म्हटलं तर मंडळाचा करमुक्त दर्जाच पणाला लागतो. रांगेत उभं राहा, प्रसाद घ्या, लोकांशी बोला, माइक मागू नका.

महाराष्ट्रात वकिलांना या सगळ्याची चव फक्त बार कौन्सिलच्या निवडणुकीत मिळते. न्यायाधीश व्हायला तिथे परीक्षा असते, जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल करतात. माझ्या मुंबईतल्या वर्गमैत्रिणींना न्यायाधीश घरोघर कार्डं वाटतो हे ऐकून अजूनही धक्का बसतो. इथल्याही जाणत्यांना ही पद्धत आवडते असं नाही. टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले टॉम फिलिप्स आणि नेथन हेक्ट, दोघंही पक्षाच्या चिन्हावर निवडून आले आणि दोघांनीही हे थांबवा म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं. कारण नोव्हेंबरचा वारा. 2018 मध्ये शेजारच्या हॅरिस काउंटीत डेमोक्रॅट उमेदवारांनी लढतीच्या सगळ्या, म्हणजे 59 जागा जिंकल्या. त्यात काही अतिशय चांगले न्यायाधीशही घरी गेले, त्यांच्या कामाबद्दल मतदारांची काही तक्रार नसताना. 2020 पासून एकाच खुणेने अख्ख्या पक्षाला मत द्यायची सोय बंद झाली, तरी वारा वाहतोच. 2024 मध्ये तिथल्याच काही जागा रिपब्लिकनांकडे परत गेल्या.

म्हणून अर्ज भरण्याआधी घरात बसून एक हिशेब करा, आणि तो नवऱ्यासमोर करा. जिंकलात तर वकिली बंद. बारा वर्षांत जमवलेले अशील दुसऱ्यांकडे सोपवायचे. पगार चांगला आहे, 2025 च्या सप्टेंबरपासून राज्याकडून मिळणारा मूळ पगार वर्षाला 1,75,000 डॉलर झालाय, वर काउंटीची भर. पण चार वर्षांनी वारा फिरला तर तुम्ही शून्यापासून ऑफिस उघडायचं, तेव्हा पन्नाशी आलेली असेल. आणि हरलात तर? विद्यमान न्यायाधीशाविरुद्ध हरलात तर पुढच्याच आठवड्यात त्यांच्यासमोर उभं राहायचंय, तुमच्या अशिलाच्या मुलाचा ताबा मागायला. बहुतेक न्यायाधीश सभ्यपणे वागतात. मी हरले त्यानंतर पहिल्यांदा त्या कोर्टात गेले तेव्हा न्यायाधीशांनी मला इतरांएवढाच वेळ दिला आणि इतरांएवढंच झापलं. पण तुमच्या अशिलाला ते आधी कसं पटवून द्याल? प्रचार सुरू होण्यापूर्वी त्या कोर्टात चालू असलेल्या प्रत्येक अशिलाला स्वतः फोन करून सांगा, आणि ज्यांना वकील बदलायचा असेल त्यांना बदलू द्या. यात काही कामं जातील. ती रक्कम प्रचाराच्या खर्चात कुठल्याच अहवालात दिसत नाही, पण माझ्या अनुभवात ती छपाईच्या बिलापेक्षा मोठी असते.

स्वतःच्या खिशातून प्रचाराला उसने दिलेले पैसे नंतर देणग्यांतून परत घेण्यालाही न्यायाधीशपदाच्या उमेदवारांसाठी कायद्याने मर्यादा आहे. घरावर कर्ज काढून प्रचार करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. जे परत आलं नाही तरी चालेल तेवढंच घाला.

आणि या सगळ्यानंतरही मन होत असेल तर या महिन्यापासूनच पक्षाच्या बैठकांना जायला लागा, उमेदवार म्हणून नाही, मागच्या खुर्चीवर बसून. दुसऱ्या कोणाच्या तरी प्रचारात दोन शनिवार दारं ठोठवा. ट्रेझररचा कागद त्यानंतर.